आत्याच्या उशाखालचा लॅपटॉप

शनिवारी दुपारी माझा भाचा केलेपी आला आणि माझा टेबलफॅन उचलून निघाला. मागितला नाही; मागायची आमच्यात पद्धतच नाही. टोंगात भाच्याने मामाच्या घरातून काही नेलं तर त्याला हक्क म्हणतात, आणि मामाने तोंड वाकडं केलं तर त्याला कोतेपणा. या हक्कापायी आजवर माझी सायकल गेली, चांगला पोसलेला एक डुक्कर गेला, बायकोने ऑकलंडहून आणलेला शर्ट तर घडीसकट गेला. मी असल्या गोष्टींचा हिशेब ठेवत नाही, असं सगळ्यांना सांगत असतो. विसरत मात्र नाही.

"सोमवारपर्यंतच हवाय, मामा," केलेपी म्हणाला.

"सायकलच्या वेळीही सोमवारच म्हणाला होतास. कुठल्या सालचा ते राहिलं होतं सांगायचं."

"लॅपटॉपला वारा लागणार आहे. उद्या दिवसभर काम करणार आहे तो."

"रविवारी? तुझा बाप त्याला आणि तुला एकाच खड्ड्यात पुरेल."

केलेपी हसला, पण अर्ध्या तोंडाने. त्याचं काय पणाला लागलं होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, आणि जातो की नाही ते मंगळवारी कचेरीत सांगायचं होतं. गावातली निम्मी पोरं अशीच गेली. काही पैसे घेऊन परतली, काहींचे नुसते पैसे येतात, आणि काहींचं काहीच येत नाही. केलेपीला जायचं नव्हतं. ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीने त्याला घरबसल्या काम द्यायची तयारी दाखवली होती, पण आधी परीक्षा. बोटींच्या मालाची नोंद ठेवणारा एक जुनापुराणा प्रोग्राम नव्या भाषेत उतरवून सोमवारी सकाळी, त्यांचं ऑफिस उघडायच्या आत, पाठवायचा. आणि तो शुक्रवारी संध्याकाळी हातात दिला होता. रविवार आमच्याकडे कसा असतो, हे ऑकलंडच्या लोकांना कोण सांगणार?

एकट्याने बसून होण्यासारखं ते कामच नव्हतं. म्हणून त्याने ते एआयला सांगितलं होतं. मला त्याने समजावलं ते असं: एकदा नीट कामगिरी लिहून दिली की तो एकेक पान वाचतो, नवं लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर स्वतःच दुरुस्त करतो, आणि पुढच्या पानाला लागतो. समोर कुणी बसायला नको. फक्त लॅपटॉप झोपता कामा नये. तो झोपला की काम जिथल्या तिथे थांबतं.

"आणि मोकाट सोडलेला हा प्राणी तुझं बाकीचं घर धुंडाळत बसला तर?" मी विचारलं.

"एकाच फोल्डरची मुभा दिलीय. बाहेरून कुणाला शिरता येऊ नये म्हणून त्याही वाटा बंद केल्यात. झालेलं काम पावलागणिक जतन होतंय. सगळा बंदोबस्त केलाय, मामा."

अडचण जागेची होती. घरात वीज गेली तरी चालणारा एकच सॉकेट, आणि इंटरनेटचा डबाही तिथेच: त्याची बहीण लेसिएली हिच्या खोलीत. ती शाळेत शिकवते आणि संध्याकाळी दूरच्या बेटांवरच्या मुलांचे ऑनलाइन वर्ग घेते. आता भाऊ-बहीण मोठे झाले की भावाने बहिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. मी स्वतः केलेपीच्या आईचा, सेइनीचा, सख्खा भाऊ. तरी तिच्या घरात ओसरीच्या पुढे माझं पाऊल पडत नाही; लेसिएलीच्या खोलीचं दार तेवढं ओसरीवरून समोर दिसतं.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी केलेपी उंबऱ्याबाहेर आणि लेसिएली आत, असा तो लॅपटॉप या हातातून त्या हातात गेला. भाऊ बहिणीशी बोलत होता तो नव्या जावयाने सासूशी बोलावं तसा.

"तुम्हाला त्रास होणार नसेल तर तो पलंगावर नको, त्या फळीवर ठेवाल का? खालून वारा लागायला हवा."

"ठेवते. आणि पंखा?"

"पंखा त्याच्या तोंडावर. तुम्हाला उकडेल."

"मी खिडकीशी झोपेन. अजून काही?"

अजून पुष्कळ होतं, पण बहिणीला यापेक्षा जास्त सूचना देणं बरं दिसत नाही. बाकीच्या त्याने ओसरीवर येऊन मला दिल्या, जसं काही मी आत जाणार होतो.

"आणि कुणी झाकण मिटलं तर?" मी विचारलं.

इथे त्याची छाती फुगली. "मिटू दे. झाकण मिटलं तरी जागा राहील असं करून ठेवलंय. आत्या येणार आहे उद्या. तिला रविवारी उघडं यंत्र बघवत नाही."

"म्हणजे आता त्याला कुणीच झोपवू शकत नाही?"

"कुणीच नाही."

एवढ्या अभिमानाने सांगण्यासारखं हे आहे का, असं माझ्या मनात आलं होतं. पण लॅपटॉपमधलं मला काय कळतं!

राहिला बापाचा प्रश्न. माझा मेव्हणा पेनिसिमानी चर्चमध्ये प्रवचन करतो, आणि घरीही करतो. रविवारी काम नाही, म्हणजे नाही. त्याच्यापुढे केलेपीने मोठी हुशारीची गोष्ट काढली.

"बाबा, उमूचा खड्डा आपण सकाळी भरतो, वर पानं आणि माती ओढतो आणि चर्चला जातो. आपण नसताना तो शिजतोच ना? त्याला कुणी काम म्हणतं का?"

पेनिसिमानीने ती तुलना मनाशी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण खड्डा एकदा झाकला की झाकला. रविवार लागल्यावर तू त्याला हात लावायचा नाहीस. चालला तर चालला, विझला तर विझला. शब्द दे."

केलेपीने शब्द दिला.

रविवारी सकाळी तापल्या दगडांवर मांस-सुरण रचून उमू भरला गेला, आम्ही चर्चला गेलो, आणि परत येतो तो दारात आत्या. पेनिसिमानीची थोरली बहीण कालोलाइने, नुकुनुकू गावची. आमच्याकडे आत्या म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. बापाच्या वर आत्या. भावाच्या मुलांच्या घरातलं जे तिला आवडेल ते तिचं. म्हणजे जो केलेपी माझ्यासमोर लांडगा असतो तो तिच्यासमोर कोकरू होतो. मला त्यातच काय तो दिलासा.

तिचा गुडघा धरला होता. जेवणात तिला पहिला वाटा गेला: अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट गुंडाळून शिजवलेलं मांस, आणि सुरणातला मधला मऊ तुकडा. जेवून ती उठली आणि लेसिएलीच्या खोलीत आडवी व्हायला गेली. लेसिएली संडे स्कूलला गेली होती. पेनिसिमानी पुढच्या खोलीत घोरायला लागला. सेइनी भांड्यांशी होती. मी ओसरीवर.

केलेपी सकाळपासून फावल्या वेळात एकच उद्योग करत होता. लेसिएलीच्या खिडकीबाहेर नीरफणसाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी, खिडकीकडे पाठ करून तो बसायचा आणि कान द्यायचा. बघायचं नाही, पण ऐकायला कुणी मनाई केलेली नव्हती. लॅपटॉपच्या पोटातला छोटा पंखा सुंईं करतोय तोवर काम चाललंय, एवढं त्याला कळत होतं.

तो धावत ओसरीवर आला तेव्हा मी डोळे नुकतेच मिटले होते.

"मामा, आवाज बदलला. आधी जोरात ओरडायला लागला आणि मग एकदम तोंडावर हात ठेवल्यासारखा झाला. आणि तुझ्या फॅनचा वारा आता पलंगाकडे जातोय."

सेइनी आत डोकावून आली. तिचा चेहराच सांगत होता. "वन्संनी मिटलाय त्याला. झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून उशाखाली घेतलाय. वायर तेवढी बाहेर आलीय. फॅन स्वतःकडे फिरवून झोपल्यात."

आता त्या पलंगाखाली आणि गादीखाली काय असतं, ते आमच्या बायकांना विचारा. घरातल्या साऱ्या बारीक चटया. केवड्याची पात उकळून, वाळवून, केसासारखी चिरून विणलेल्या. घराची सगळी पत काय ती तिथे. लेसिएलीच्या लग्नासाठी सेइनीने दोन वर्षं डोळे फोडून विणलेली चटई सर्वांत वर, गादीवर अंथरलेली, बरोबर उशाखाली.

"झोपला असेल ना आता, झाकण मिटल्यावर?" सेइनी म्हणाली.

केलेपी माझ्याकडे बघायला लागला. मीच म्हणालो, "नाही. त्याने झोपू नये म्हणून तुझ्या पोराने पक्का बंदोबस्त केलाय."

"म्हणजे आत जागाच आहे? कापडात?"

"जागा आहे आणि काम करतोय," केलेपी म्हणाला. "तापत चाललाय. आई, जा ना. काढ ना बाहेर."

"मी? वन्संच्या उशाखाली हात घालू? त्यांच्या डोक्याला हात लागला तर या घरात राहायचंय का मला?"

"बाबांना उठवतो."

पेनिसिमानीला उठवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का झोपलीय." जणू त्यात सगळं आलं. आलंच होतं म्हणा.

"मेन स्विच पाड," मी म्हणालो.

"बॅटरीवर चालेल, मामा."

"मग बाहेरून फोनवरून सांग त्या एआयला, थांब म्हणून."

"बाहेरच्या वाटा मीच बंद केल्यात. सुरक्षित राहावं म्हणून."

असे आम्ही चौघे त्या दारासमोर ओसरीवर उभे. ज्याला कळत होतं त्याला आत जाता येत नव्हतं, जिला आत जाता येत होतं तिला हात लावता येत नव्हता, आणि जिच्या डोक्याखाली विस्तव होता ती माझ्या फॅनच्या वाऱ्यात गाढ होती. पायरी राखायची म्हणून माणसं घर जाळून घेतील, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि तरी मीही उंबऱ्याबाहेरच उभा होतो, हेही सांगायला हवं.

शेवटी मी संडे स्कूलकडे निघालो. रविवारी पळणं शोभत नाही, म्हणून पळण्याच्या अलीकडचं जे काही असतं ते केलं. लेसिएलीने मला येताना बघितलं आणि पोरांना गाणं म्हणायला लावून ती निघालीच.

दारात केलेपीने सुरुवात केली, "माफ करा, तुमच्या खोलीत, तुम्हाला जमलं तर..."

"मिटलाय का?"

"हो."

"आणि जागा आहे?"

"हो."

ती आत गेली. बहिणीने भावाचं बोलणं मध्येच तोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण आत्याला हाक मारली नाही तिने. पायाशी बसली आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी दाबायला लागली, हळू, मग जरा जोरात. आत्या सुखाने कण्हली, वळली, डोळे उघडले.

"कोण? लेसिएली? देव तुझं भलं करो."

"आत्या, उशी बदलून देऊ? गरम झालीय."

"हो गं. केव्हाची भाजतेय मानेला. मला वाटलं ताप आला."

लेसिएलीने उशी उचलली, ते गाठोडं कापडाच्या टोकांना धरून ओसरीवर आणलं आणि सिमेंटवर ठेवलं. सोडलं तेव्हा वाफेसारखा करपट वास अंगावर आला. लॅपटॉप आता बंद होता. सोसेनासं झाल्यावर तो आपला आपण विझला होता. मालकाने नाही केली ती काळजी बनवणाऱ्याने करून ठेवली होती. आत, पलंगावरच्या चटईवर मात्र चौकोनी, चहाच्या रंगाचा डाग उमटला होता. सेइनीने त्यावरून बोट फिरवलं. तिने बोलायला हवं होतं, निदान केलेपीला सोपं गेलं असतं.

पेनिसिमानी म्हणाला, "झालं. विझला तर विझला, हे ठरलं होतं. मंगळवारी कचेरीत जाऊन हो म्हणून ये."

"हो, बाबा," केलेपी म्हणाला. त्याने दिलेल्या शब्दाला तो धरून राहिला, ही त्याच्या जमेची बाजू. त्या दिवशी दुसरी नव्हती.

आत्या भिंत धरत ओसरीवर आली आणि बसली. तिने सगळी हकीकत काढून घेतली. एकेक करून, मासा साफ करावा तशी.

"मी मिटल्यावर तो थांबला का नाही?"

"थांबू नये असं मी केलं होतं, आत्या."

"का?"

केलेपी सिमेंटकडे बघत राहिला. "कुणीतरी मिटेल म्हणून."

"कुणीतरी म्हणजे मी."

केलेपीने मान हलवली.

"मला सांगितलं असतंस, 'आत्या, याला आज मिटू नकोस,' तर मी मिटला असता का?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," आत्या म्हणाली. "पण मला सांगून बघायचं सोडून तू आत विस्तव ठेवलास आणि वरून कडी घातलीस. त्यावर मी डोकं ठेवलं." मग जरा थांबून, "काम किती झालं होतं?"

"बरंचसं. झालेलं जतन आहे. आता लावला तर सकाळपर्यंत पुरं होईल. पण मी शब्द दिलाय."

"फळं तोडायला गेलास तर परत कधी?"

"हंगाम संपला की."

आत्या हसली. तिचा मुलगाही हंगामापुरताच गेला होता. त्याच्या हंगामाला आता बरीच वर्षं झाली, तिकडे बायको आहे, मुलं आहेत, नाताळला फोन येतो. हे सगळ्यांना माहीत होतं.

"दे तो मला," आत्या म्हणाली.

"काय?"

"लॅपटॉप. आवडला मला."

आत्याने दे म्हटलं की विषय संपतो, आणि दिलेलं परत येत नाही. केलेपीने दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि खाली बसून तिच्यापुढे ठेवला. त्याचा चेहरा मला बघवला नाही. डुकराच्या वेळी माझा असाच झाला असणार.

"आता हा माझा," आत्या भावाला म्हणाली. "शब्द याने दिलाय, मी नाही. आणि उमू शिजत असताना मीच कच्चा उघडला. कच्चा उघडलेला खड्डा परत झाकतात, त्याला नवा स्वयंपाक म्हणत नाहीत. बरोबर ना, प्रवचनकार?"

पेनिसिमानी उठला, चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली चटई नीट केली. "मी आज संध्याकाळच्या प्रार्थनेला जरा लवकर निघतो," म्हणाला, आणि गेला. दुपार पुरती कललीही नव्हती.

मग फळी परत मांडली. आत्याच्या हुकुमावरून लेसिएलीच्या बोटांनी लॅपटॉप सुरू झाला, आणि केलेपी उंबऱ्याबाहेरून, पाठमोरा, एकेक गोष्ट सांगत गेला.

"काम चालू असेपर्यंतच जागा राहायचं, असं निवडा. संपलं की झोपायचं."

"केलं."

"स्क्रीन विझली तर चालेल. ती विझू द्या."

"बरं."

"झाकण मिटलं की..." इथे तो अडखळला. "झाकण मिटलं की लगेच झोपायचं."

"नक्की?" लेसिएलीने विचारलं.

"नक्की. मिटणाऱ्याला काही कारण असेल."

फॅन परत लॅपटॉपच्या तोंडावर गेला. आत्या त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसली, बिनवाऱ्याची, घामाने डबडबलेली. त्या संध्याकाळी ती प्रार्थनेला गेली नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. सेइनीने नंतर मला सांगितलं की झोपायच्या वेळेपर्यंत ती मधूनमधून लॅपटॉपच्या पाठीवर पालथा हात ठेवून बघत होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

सोमवारी सकाळी काम गेलं, आणि त्याच संध्याकाळी ऑकलंडहून होकार आला. मंगळवारी केलेपी कचेरीत गेला आणि नाही म्हणून आला.

पण लॅपटॉप आत्याचा तो आत्याचाच. नवा घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि झाले तरी, आत्याने मनापासून घेतलेल्या वस्तूच्या जागी दुसरी आणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. तेव्हा तो रोज सकाळी नुकुनुकूला जातो, माझ्याच सायकलवरून, आणि तिच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत बसून काम करतो. भिंतीला अजून त्या मुलाचे रग्बीचे बूट टांगलेले आहेत. दुपारचं जेवण आत्याच्या हातचं.

मी परवा तिकडे गेलो होतो. फॅनची चौकशी करावी, असा एक क्षीण विचार होता. आत्या दारात केवड्याच्या पाती घेऊन बसली होती, केसाएवढ्या बारीक चिरलेल्या. असली बारीक वीण घरच्या वापरासाठी कुणी घालत नाही. लेसिएलीच्या लग्नाची चटई आहे का, असं मी विचारलं नाही. डागाबद्दल ती आजवर अवाक्षर बोललेली नाही.

आतून बटणांची टकटक येत होती. मध्येच केलेपी बाहेर आला, म्हणाला, "आत्या, काम लावलंय. तासभर मिटू नकोस हं," आणि विहिरीकडे गेला.

"बरं," आत्या म्हणाली, मान वर न करता.

मला राहवलं नाही. "खरं सांगा," मी म्हणालो, "त्या दिवशी झाकण मिटलंत ते रविवार म्हणूनच ना?"

तिने पात दाताखाली धरली, ताणली, जागेवर बसवली.

"छे," ती म्हणाली. "मला उकडत होतं. त्याचा फॅन हवा होता."

फॅन आत लॅपटॉपच्या तोंडावर फिरत होता. मी तसाच परत आलो, चालत.